पहाटे पाचचं गिऱ्हाईक

पत्राचा गोषवारा: पत्रलेखक ३६ वर्षांचे, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेले. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात चौदा वर्षं मेंटेनन्सला आहेत. हातात महिन्याला ३२,००० रुपये येतात. राहायला पाथर्डी फाट्याला, गाव दिंडोरी तालुक्यात. तीन वर्षांपासून रविवारी गावाकडे जाऊन ओळखीच्या द्राक्षबागायतदारांचे ब्लोअर (ट्रॅक्टरवर चालणारी फवारणी यंत्रं) आणि एचटीपी पंप (जास्त दाबाचे फवारणी पंप) दुरुस्त करून देतात. अशी अकरा यंत्रं आहेत. सामानाचे पैसे घेतात, मजुरी घेत नाहीत, 'आपलीच माणसं' म्हणून. आता एका कंपनीची फवारणी यंत्रांची डीलरशिप घ्यायचं मनात आहे. पिंपळगावजवळ हायवेला गाळा, अनामत आणि माल मिळून १२ लाख लागतील, तेवढं कर्ज काढायची तयारी आहे. मेव्हणे म्हणतात, 'करायचं तर मोठं करा, नाहीतर करूच नका.' वडील म्हणतात, 'एवढं शिकून शेवटी गॅरेजच टाकणार का?' बायको म्हणते, 'आधी हिशोब तरी मांडा.' त्यांचे प्रश्न तीन: डीलरशिप घेऊ का, नोकरी कधी सोडू, आणि ओळखीच्या माणसांकडे पैसे कसे मागू?

नमस्कार.

तुमचं पत्र चार पानांचं आहे. त्यातली अडीच पानं गाळ्याची आहेत. शटर किती फुटी, बोर्ड कोणत्या रंगाचा, समोर ट्रॅक्टर वळेल एवढी जागा आहे की नाही, उद्घाटनाला कोणाला बोलवायचं. आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी, कंसात, एक गोष्ट उरकून टाकली आहे. गेल्या नोव्हेंबरात रात्री पाऊस झाला. पहाटे पाचला एका काकांचा फोन आला, ब्लोअर प्रेशर धरत नाही म्हणून. तुम्ही मोटरसायकल काढून गेलात, पंपाचं तेल दुधासारखं पांढरं झालेलं पाहिलंत, डायफ्राम, म्हणजे पंपातला रबरी पडदा, फाटल्याचं ओळखलंत, डिकीत पडलेल्या जुन्या पंपाचा डायफ्राम काढून बसवलात. साडेसातला ब्लोअर बागेत शिरला. काकांनी पुढे फेब्रुवारीत द्राक्षाची एक पेटी घरी पाठवली. कंस पुरा.

ते पान मी तीनदा वाचलं. गाळ्याची पानं एकदाच वाचली, खोटं कशाला बोलू.

ज्यांचा द्राक्षाशी संबंध फक्त खाण्यापुरता आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी होते, हिला गोडी छाटणी म्हणतात. त्यानंतर कोवळी फूट येते, मग फुलोरा. नेमकं याच दिवसांत अवकाळी पाऊस पडला, पानं ओली राहिली, की डाऊनी नावाचा बुरशीचा रोग येतो. घडावर गेला तर वर्षभराची मेहनत जाते. मग पाऊस उघडल्याबरोबर प्रत्येक बागेत एकाच वेळी फवारणी सुरू होते. सहाशे लिटरची टाकी भरलेली, औषध कालवलेलं, ट्रॅक्टर सुरू, आणि पंप प्रेशर धरत नाही. त्या क्षणी त्या शेतकऱ्याला हायवेवरचा गाळा दिसत नसतो. शेजाऱ्याचा ब्लोअर मागायचा तर तोही स्वतःच्या बागेत अडकलेला. त्याला एक माणूस हवा असतो, जो फोन उचलेल, 'येतो' म्हणेल आणि खरंच येईल. डायफ्रामची किंमत दुकानात विचारता येते. ती सकाळ वाचली त्याची किंमत काकांनाच माहीत.

तुम्ही लिहिता, 'सर्व्हिस म्हणजे हमाली, डीलरशिप म्हणजे धंदा.' हे वाक्य तुमचं आहे की मेव्हण्यांचं? कारण पत्रात इतर ठिकाणी तुम्ही यंत्राबद्दल लिहिता तेव्हा भाषा वेगळीच असते. डायफ्राम कसा ओळखला हे सांगताना तुमचं अक्षरसुद्धा मोठं झालंय.

हमाली म्हणून जे तुम्ही बाजूला सारताय ते तुमच्याकडे आहे आणि बाजारात सहज मिळत नाही. डीलरशिप ज्याच्याकडे १२ लाख आहेत त्याला मिळते. म्हणजे तुमच्या आधी, तुमच्या शेजारी आणि तुमच्यानंतरही कोणालाही मिळेल. तिचाही हिशोब मांडू या, वहिनींनी सांगितलंय म्हणून. १२ लाखांवर वर्षाला १२ टक्के व्याज धरलं तर १,४४,००० रुपये. महिन्याला १२,०००, तेही फक्त व्याज. मुद्दल, गाळ्याचं भाडं, वीज, पोऱ्याचा पगार वेगळा. शटर उघडायच्या आधीच तुमच्या पगाराचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग गेला. शिवाय नवं यंत्र घेणारा शेतकरी छाटणीच्या तोंडावर येतो, वर्षभर येत नाही. त्यातले बरेचसे महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अनुदानाचा अर्ज करून पूर्वसंमतीची वाट बघत थांबतात; संमती आली तर विक्री, नाही आली तर पुढच्या वर्षी बघू. म्हणजे तुमची विक्री पावसावर, द्राक्षाच्या भावावर आणि एका सरकारी मेसेजवर टांगलेली. व्याज मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेला.

डीलरशिप वाईट असते असं माझं म्हणणं नाही. दहा वर्षांनी, शे-दीडशे शेतकरी 'तुम्ही म्हणाल ते यंत्र घेतो' म्हणू लागले, तर घ्या. तेव्हा कंपनी तुमच्याकडे येईल आणि अनामतीची बोलणीही वेगळ्या सुरात होतील.

इथे माझं एक जुनं दुखणं सांगते. १९९६ साली मी कॉलेज रोडच्या एका गल्लीत झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान काढलं होतं. बँकेचं कर्ज, काचेचं काउंटर, रात्री पेटणारा बोर्ड. चौदा महिन्यांत बंद केलं. त्याच काळात जुन्या सीबीएस बसस्थानकाजवळ एका जिन्याखाली एक गृहस्थ एकच मशीन घेऊन बसायचे. त्यांच्याकडे कोर्टात चालणारा हिरवा कागद असायचा, टॅग असायचे, कागदाला भोक पाडायची सुई असायची. कोणत्या कामाला किती प्रती लागतात हे पक्षकाराला माहीत नसायचं, त्यांना असायचं. सकाळी कोर्ट उघडायच्या आधी ते मशीन गरम करून तयार असायचे, आणि मी दहाला कुलूप काढायचे, तेही पूजा करून. माझ्या दुकानात झेरॉक्स त्यांच्यापेक्षा चांगली निघायची, हे मी आजही शपथेवर सांगेन. त्याने काही फरक पडला नाही. लोक झेरॉक्ससाठी नव्हे, अर्ज परत येऊ नये म्हणून त्यांच्याकडे जात होते, आणि मी काउंटरच्या काचा पुसत होते.

आता तुमच्या कामात जो पेच मला दिसतो तो तुम्ही पत्रात कुठेच मांडलेला नाही. तो नोव्हेंबरातला दिवस कोणता वार होता? पाऊस रविवार बघून पडत नाही. त्या दिवशी तुम्ही ड्यूटीवर उशिरा गेलात की सुट्टी टाकली? तुमचं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे अडल्या वेळी धावून जाणं, आणि नोकरीत असताना नेमकं तेच तुम्ही भरवशाने करू शकत नाही. एका काकांसाठी एकदा जमलं. चाळीस जणांना 'केव्हाही फोन करा' सांगितलंत आणि एका पावसाळी पहाटे सहा फोन आले, तर पाच जणांना तुम्ही ऐनवेळी दगा दिलेला असेल. गावात ही गोष्ट पेटीपेक्षा लवकर पोहोचते.

म्हणून सुरुवात धावपळीच्या कामापासून करू नका. आता जून आहे. छाटणीला तीन-साडेतीन महिने आहेत. ऑगस्ट-सप्टेंबरातले आठ-नऊ रविवार हातात धरा आणि छाटणीआधीची तपासणी विका. हे काम रविवारी होतं, घाईचं नसतं, आणि नीट केलं तर नोव्हेंबरातले निम्मे फोन मुळात येतच नाहीत. पंपाचं तेल बदलायचं, डायफ्राम आणि व्हॉल्व्ह उघडून बघायचे, पट्ट्याचा ताण, गाळण्या, गेज खरं दाखवतो का, पीटीओ शाफ्टवरचं, म्हणजे ट्रॅक्टरवरून पंप फिरवणाऱ्या दांड्यावरचं, कव्हर जागेवर आहे का. कव्हर काढून फेकलेलं बऱ्याच ठिकाणी सापडेल. 'आडवं येतं' म्हणून काढतात. त्या शाफ्टमध्ये धोतर, ओढणी, शर्टाची बाही गुंडाळली तर काय होतं ते तुम्हाला कारखान्यातल्या माणसाला सांगायला नको. कव्हर नसेल तर ते बसवल्याशिवाय यंत्र परत देणार नाही, हा तुमचा नियम ठेवा; एखादं गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल.

आणि नोझल, म्हणजे फवारा सुटतो ते तोंड. इथे तुम्ही शेतकऱ्याचा खरा पैसा वाचवू शकता. नोझल झिजला की बाहेरून काही कळत नाही, धार सुरूच असते, फक्त औषध जास्त जातं आणि थेंब मोठा पडतो. प्रत्येक नोझलखाली मापाचं भांडं धरायचं, घड्याळ लावून एक मिनिट पाणी गोळा करायचं, त्याच प्रेशरला नव्या नोझलमधून किती येतं त्याच्याशी ताडायचं. दहा टक्क्यांपेक्षा जास्त आलं तर तो बदलायचा, हे सगळीकडे मानलं जाणारं माप आहे. हे मोजमाप शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर करा, त्याच्या मुलाला भांडं धरायला लावा. चार नोझल ठीक आहेत आणि दोन गेलेत हे त्याला स्वतःला दिसलं की तुम्ही सामान खपवताय असा संशय उरत नाही. फवारणीच्या मापाचं तंत्र आणखी पक्कं करायचं असेल तर आपल्या मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र इथेच नाशकात आहे. तिथे जाऊन विचारायला लाजू नका. मेंटेनन्सवाल्याला यंत्र कळतं, पण पानाच्या मागे औषध पोचलं की नाही हे वेगळं शास्त्र आहे.

एक काळजीची गोष्ट, वहिनींच्या वतीने. यंत्र तुमच्या हातात येण्याआधी शेतकऱ्याने टाकी आणि पाइप साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन चालवून द्यायचे, आणि तुम्ही हातमोज्याशिवाय पंप उघडायचा नाही. तीन वर्षं तुम्ही हे कसं करत आलात ते पत्रात नाही, आणि मला त्याची धास्ती वाटते.

तपासणी झाली की अडचणीच्या वेळेचं आश्वासन फक्त त्याच यंत्रांना द्या, आणि जेवढं पाळता येईल तेवढंच द्या. 'सकाळी सातच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर मी स्वतः येईन, मधल्या वेळेत फोनवर सांगेन' हे पाळता येण्यासारखं आहे. मधल्या वेळेसाठी गावातला आयटीआय झालेला एखादा मुलगा बघा, दोन महिने रविवारी सोबत घ्या, त्याला रोजचे पैसे द्या. पुतण्या किंवा भाचा असला तरी द्या. प्रत्येक शेतकऱ्याकडे एक छोटी डबी ठेवून या: त्याच्याच पंपाचा एक डायफ्राम संच, ओ-रिंग, दोन नोझल, गाळणीची जाळी. डबीच्या झाकणाला पंपाचा नंबर चिकटवा. डायफ्राम कसा बदलायचा हे त्याला शिकवा.

तुम्ही म्हणाल, शिकवलं तर मला कोण बोलवेल? हा प्रश्न मला नेहमी येतो. शिलाईवाल्या बाईंपासून संगणकवाल्यापर्यंत सगळ्यांना ही भीती असते. माझा अनुभव असा की ज्याला तुम्ही छोटं काम शिकवता तो मोठं काम दुसऱ्याकडे नेत नाही. शिवाय पहाटेचे सहा फोन दोनवर येतात, आणि ते दोन तुम्ही नीट निभावता.

वर्तुळ लहान ठेवा. पाथर्डी फाट्याहून तुमच्या गावाकडे जायलाच तीस-पस्तीस किलोमीटर होतात. त्या गावाभोवती दहा-पंधरा किलोमीटर, बस. पहिल्या हंगामात कोणीतरी सटाण्याहून बोलावेल. तिकडे अर्ली छाटणी असते, काम आधी सुरू होतं, मोह होईल. नाही म्हणा. सटाण्याच्या एका फेरीत तुमच्या पट्ट्यातली तीन यंत्रं बघून होतात, आणि सटाण्यात अडल्या वेळी तुम्ही पोचणार नाही हे तुम्हालाही माहीत आहे.

एक वही करा. मोबाइलमधलं ॲप नको असं नाही, पण बागेत हात तेलकट असतात आणि वहीचं पान शेतकऱ्यालाही वाचता येतं. प्रत्येक यंत्राला एक पान: पंप कोणता, तेल कधी बदललं, कोणता नोझल केव्हा गेला, मागच्या वेळी काय तक्रार होती. दुरुस्तीनंतर तिसऱ्या दिवशी एक फोन: 'काका, प्रेशर टिकून आहे ना?' काम आपल्या हातून बिघडलेलं असेल तर पुन्हा जायचं आणि मजुरी लावायची नाही. हे आधीच सांगून ठेवायचं. तुमची सगळी जाहिरात एवढीच, आणि गाळ्याच्या बोर्डापेक्षा ती लांबून दिसते.

आता मजुरी. इथे तुम्ही स्वतःवर आणि त्या अकरा जणांवरही अन्याय करताय, हे जरा कडकच सांगते. फुकट काम करणाऱ्या माणसाला गिऱ्हाईक हक्काने बोलवू शकत नाही. पहाटे फोन करताना काकांना संकोच वाटला असणार. म्हणूनच पेटी आली. पैसे घेतले असते तर त्यांनी चार वाजताच फोन केला असता आणि औषध कालवायच्या आधी यंत्र चालवून बघितलं असतं. मोबदला ठरलेला असला की माणूस मोकळेपणाने मागतो, आणि काम चुकलं तर तक्रारही करतो. आज तुमच्या अकरांपैकी कोणी तक्रार केली असेल असं मला वाटत नाही. तुमचं काम निर्दोष आहे म्हणून नव्हे, फुकटच्या कामाला नावं कशी ठेवायची म्हणून.

मागायचं कसं, तर तोंडाने मागूच नका. एक कार्ड छापा: छाटणीआधीची तपासणी एवढे, अडल्या वेळची फेरी एवढे, हंगाम संपल्यावर धुऊन-तपासून ठेवायचे एवढे. मजुरी वेगळी, सामान वेगळं, आणि सामानाची दुकानाची पावती बिलाला टाचलेली. मजुरी सामानात लपवून वसूल करायची सवय लागली की मग गरज नसलेलं सामानही बदललं जातं. चांगल्या चांगल्या कारागिरांचं असं झालेलं मी पाहिलंय. मामांना, सख्ख्या चुलत्याला सवलत द्यायची असेल तर जरूर द्या, पण बिल पूर्ण लिहा आणि त्याखाली सवलत लिहा. नात्याची किंमत किती हे मग दोघांनाही दिसतं.

उधारीचं मात्र जपून. द्राक्षाचा पैसा जानेवारी ते एप्रिल माल निघाल्यावर हातात येतो, आणि व्यापारी पैसे थकवून पसार झाल्याच्या बातम्या आपण जवळपास दर हंगामात वाचतो. म्हणजे 'माल निघाल्यावर देतो' म्हणणारा शेतकरी खोटं बोलत नसतो, पण त्याचाच पैसा बुडाला तर तुमचा कुठून येणार? सामान रोखीने. तपासणीचे पैसे त्याच दिवशी, क्यूआर कोड सोबत ठेवा. फक्त अडल्या वेळच्या फेऱ्यांची मजुरी हंगामाअखेर चालेल, तीही तपासणी करून घेतलेल्यांनाच आणि माणशी एक मर्यादा ठरवून. ती मर्यादा एवढी असावी की पूर्ण बुडाली तरी तुमच्या घरच्या किराण्याला हात लागू नये.

नोकरीचं काय? आकडे मांडते, हे माझे अंदाज आहेत, तुम्ही तुमचे घाला. समजा एका यंत्रामागे वर्षाला मजुरीचे ४,५०० रुपये मिळाले. शंभर यंत्रं झाली तर ४,५०,०००. त्यातून मदतनीस महिना १२,००० प्रमाणे १,४४,००० गेला, पेट्रोल-फोन-हत्यारं ७०,००० गेली, उरले २,३६,०००. सामानात यंत्रामागे हजार रुपये सुटले तर आणखी एक लाख. एकूण ३,३६,०००. तुमचा आजचा पगार वर्षाला ३,८४,००० आहे, वर पीएफ. म्हणजे शंभर यंत्रं सांभाळूनही तुम्ही पगाराच्या खालीच. आणि आज तुमच्याकडे अकरा आहेत.

हा आकडा घाबरवायला दिलेला नाही. तो मेव्हण्यांना दाखवायला मात्र देऊ नका, ते लगेच 'बघा, म्हणूनच डीलरशिप' म्हणतील. १२ लाखांच्या कर्जानेही हे अंतर भरत नाही, उलट वाढतं. ते भरतं शेजारच्या कामाने. तुमच्याच पट्ट्यात टोमॅटोवाले आहेत, त्यांचे एचटीपी पंप द्राक्षाची गडबड सुरू व्हायच्या आधीपासून चालतात. ठिबकची फिल्टर, विहिरीवरच्या मोटरी आहेत. मे ते जुलै तुमचे हात रिकामे राहू नयेत म्हणून यातलं एक निवडा; सगळं एकदम नको.

माझा सल्ला असा की दोन हंगाम नोकरी ठेवून करा. पहिल्या वर्षी अकराची तीस-पस्तीस होऊ द्या. दुसऱ्या वर्षी एकच गोष्ट बघा: पहिल्या वर्षातले किती जण तुम्ही फोन न करता स्वतःहून परत आले. नवे किती जोडले याला मी फारसं महत्त्व देत नाही, नवा माणूस कुतूहलाने येतो. पस्तीसपैकी तीस आपणहून आले, साठ-सत्तर यंत्रं झाली, घरखर्चाचे सहा महिने बँकेत बाजूला पडले, आणि मुलीच्या शाळेची फी त्यात धरलेली असली, की मग राजीनाम्याचं बोला. पस्तीसपैकी बाराच आले तर नोकरी आहे, कर्ज नाही, आणि त्या बाकीच्या तेवीस जणांना 'काय चुकलं?' विचारायला तोंड आहे. नोकरी असताना बाहेरचं काम करायला तुमच्या नेमणुकीच्या पत्रात मनाई आहे का, तेही आत्ताच वाचून घ्या.

कागदपत्रांचं थोडक्यात. उद्यम नोंदणी ऑनलाइन आहे, आधारवर होते आणि तिला एक पैसाही लागत नाही. १ जुलै २०२० पासून ही पद्धत आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं आणि एजंट दोन्ही टाळा. कामगार मोजकेच असतील तर दुकाने-आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. सेवेच्या कामाला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. ४० लाखांची मर्यादा कोणी सांगितली तर ती फक्त माल विकणाऱ्यांची आहे. हत्यारांना पैसे कमी पडले तर मुद्रा योजनेतल्या शिशु गटात ५०,००० पर्यंत विनातारण कर्ज मिळतं. तुम्हाला एक चांगला पान्ह्यांचा संच, प्रेशर तपासायचं गेज, मापाची भांडी आणि पुढच्या हंगामाचे डायफ्राम एवढंच हवंय. ५०,००० सुद्धा लागतील असं वाटत नाही.

अशाच आशयाची आणखी पत्रं माझ्यासमोर आहेत म्हणून इथे थोडं वळण घेते. सिडकोतल्या एका ताई फॉल-पिको आणि ब्लाउज शिवतात, त्यांना गंगापूर रोडला बुटीक टाकायचंय. दोघा-तिघांना २०२७ च्या सिंहस्थाच्या गर्दीवर काहीतरी उभं करायचंय. ताई, तुमच्याकडे दिवाळीच्या आधी किती बायका दरवर्षी त्याच येतात, आणि त्यातल्या किती सिडकोतून गंगापूर रोडला ब्लाउज टाकायला येतील? हे त्यांनाच विचारा, गाळ्याच्या दलालाला नको. आणि सिंहस्थवाल्यांनो, गर्दी खरीच येईल. पण रामकुंडावर आलेला यात्रेकरू तुमच्याकडे दुसऱ्यांदा यायला बारा वर्षं लागतात. त्या गर्दीत हातगाडी जरूर लावा. कर्ज काढून पक्कं बांधकाम करायचं असेल तर गर्दी ओसरल्यावर त्याच जागी पंचवटीतला कोणता माणूस तुमच्याकडे येणार, त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणता येतो का ते बघा.

परत तुमच्याकडे. वडिलांच्या 'गॅरेज'ला वादाने उत्तर देऊ नका. त्यांनी तुम्हाला शिकवताना काय डोळ्यांसमोर ठेवलं असेल ते मला समजतं: पांढरा शर्ट, टेबल, पंखा. ऑगस्टातल्या एका रविवारी त्यांना सोबत न्या. भांडं धरून नोझल मोजायला त्यांना बसवा. गावातली माणसं तुमच्याशी कसं बोलतात ते त्यांना ऐकू द्या. पटेल न पटेल, तो त्यांचा प्रश्न. पण निदान ते कशाला नाव ठेवतायत ते त्यांनी पाहिलेलं असेल. मेव्हण्यांना मात्र कुठेही नेऊ नका, त्यांना दिवाळीला भेटा.

या रविवारी वही घ्या, अकरा पानांवर अकरा यंत्रं लिहा, कार्ड छापून झालं की एकेकाकडे जा आणि ऑगस्टची तारीख ठरवा. 'यंदापासून मजुरी लागेल' हे वाक्य पहिल्यांदा म्हणताना घसा कोरडा पडेल. म्हणून ते सगळ्यात सोप्या माणसाकडे आधी म्हणा. पहाटे पाचचे काका. मला खात्री आहे, ते म्हणतील, 'बरं झालं, आम्हालाच अवघडल्यासारखं होत होतं.' फेब्रुवारीत त्यांनी पुन्हा पेटी पाठवली तर आनंदाने ठेवून घ्या. वहीतल्या मजुरीच्या रकान्यात तेवढं 'पेटी' लिहू नका.